नदीकाठचा रस्ता वाचवायचा तर आधी पाण्याखालचा पायथा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सार्वजनिक रस्ता नदीच्या वळणाला लागून जातो. वळणाच्या बाहेरचा काठ दोन पावसाळ्यांत पाच-सहा मीटर आत आला आणि आता साइडपट्टीच्या कडेपासून नदी सातच मीटरवर उरली आहे. मागच्या वर्षी वरून चार-पाच ट्रक डबर ओतलं, ते एका पुरात नाहीसं झालं. काठ सुमारे पाच मीटर उंच आहे, जवळजवळ उभा आहे, आणि दोन्ही वेळा तो पूर चढलेला असताना पडला नाही, ओसरल्यावर पडला. साइडपट्टीत आता रस्त्याला समांतर एक भेग दिसते. तर काँक्रीटची भिंत बांधावी, गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या) लावावेत की झाडं लावावीत, असं तुम्ही विचारलंय.

या तिन्हींपैकी एक आत्ता निवडू नका. काय वापरायचं हा नंतरचा प्रश्न आहे. तुमचा काठ नेमका कशानं पडतोय, हे आधी ठरलं पाहिजे. नदीकाठच्या रस्त्यांची कामं मी बरीच वर्षं केली आहेत, आणि त्यात वाया गेलेला बहुतेक खर्च कारण न शोधता इलाज ठरवल्यामुळे वाया गेलेला पाहिला आहे. जागा न बघता शेवटचा आकडा मी देऊ शकत नाही. नदीचा तळ वाळूचा आहे की खडकाचा, पुरात किती पाणी येतं, रस्त्यामागे सरकायला जमीन आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. पण विचार कसा करायचा ते नक्की सांगता येईल, आणि तुमच्या वर्णनातल्या दोन-तीन गोष्टी बऱ्यापैकी बोलक्या आहेत.

वळणावर पाणी नुसतं पुढे जात नाही, ते मळसूत्रासारखं फिरत जातं. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे ढकललं जातं, तिथे ते खाली बुडी मारतं आणि तळालगत आतल्या काठाकडे परततं. जाताना तळाची वाळू घेऊन जातं. म्हणून आतल्या बाजूला वाळू साठते आणि बाहेरच्या काठाखाली डोह होतो. हा डोह वळणाच्या अगदी मध्यावर नसतो, बहुधा थोडा खालच्या अंगाला असतो. आपण वर उभे राहून मातीच्या उभ्या भिंतीकडे बघतो, पण खरी झीज आपल्याला न दिसणाऱ्या जागी, पाण्याखालच्या पायथ्याशी चाललेली असते. पायथा उकरला गेला की वरचा काठ आपोआप जास्त उंच आणि जास्त उभा होतो. एका मर्यादेपलीकडे माती स्वतःला पेलू शकत नाही आणि ढेप सुटते. पडलेली ढेप काही दिवस पायथ्याला आधार देते. पुढचा पूर ती उचलून नेतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

तुमचं डबर का गेलं, याचं उत्तर यातच आहे. ते काठाच्या माथ्यावरून घरंगळत खाली गेलं, त्याला बसायला पायथा नव्हता, खाली माती अडवून पाणी सोडणारा गाळणीचा थर नव्हता, आणि बहुधा दगडही लहान होते. ते वाहून गेलंच असेल असंही नाही. बरेचदा असे दगड तिथल्या तिथे डोहात बुडतात, कारण त्यांच्याखालची वाळू निघून जाते.

आता काठ पूर ओसरल्यावर पडला, ही गोष्ट. ही खूण फार महत्त्वाची आहे. पूर चढलेला असतो तेव्हा नदीचं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. त्याच वेळी माती आतून भिजून जड होते. पाणी झपाट्यानं उतरलं की बाहेरचा टेकू जातो, पण आतलं पाणी तेवढ्या वेगानं बाहेर पडू शकत नाही. चिकणमातीत तर अजिबात नाही. मातीच्या कणांमधलं पाणी दाब टाकत राहतं, मातीची पकड कमी होते आणि काठ सरकतो. माथ्यावर रस्त्याला समांतर भेग पडणं हे त्याचंच लक्षण आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र चालू आहेत: नदी पायथा उकरते आहे, आणि आत अडकलेलं पाणी काठ ढकलतं आहे. फक्त एकीचा बंदोबस्त केलात तर दुसरी काम पाडेल.

तिसरी शक्यता तपासा, तीही साध्या डोळ्यांनी. नदी उतरलेली असताना होडीतून किंवा समोरच्या काठावरून तुमचा काठ नीट बघा. वर चिकणमाती आणि खाली वाळूचा पट्टा, अशी घडण आहे का? असेल तर त्या पट्ट्यातून पाणी झिरपतंय का? मी अशा एका काठाशी पाणी उतरल्यावर वाळूच्या थरावर तळहात ठेवला होता. वर माती कडक, कोरडी. आणि हाताखाली मात्र वाळू ओली, थंड, सतत हळूहळू बाहेर सरकणारी. बोटांमधून पाण्याबरोबर ती गळत होती. वरचा मातीचा थर छज्जासारखा पुढे राहिला होता, त्याच्यावर गवत होतं, आणि छज्जाच्या काठापासून गाडीचं चाक दीड मीटरवरून जात होतं. अशा काठाला वरून कितीही दगड लावा, वाळू अडवणारी आणि पाणी सोडणारी गाळणी नसेल तर दगडांच्या फटींतून काठ आतून रिकामा होत जातो.

चौथं कारण नदीचं नसतंच, रस्त्याचं असतं. गटाराचं पाणी, मोरीचं तोंड, फुटलेली जलवाहिनी, रस्त्यापलीकडच्या शेतात सतत साचणारं पाणी, यातलं काहीही त्या काठावर येऊन पडत असेल तर तो भिजून कमजोर होतो. जोराच्या पावसात छत्री घेऊन तिथे जा आणि पाणी कुठून येऊन कुठे पडतंय ते बघा. अर्ध्या तासाची ही पाहणी मी कधीच टाळत नाही. कधीकधी एक पक्कं गटार आणि मोरीचं पाणी पाइपमधून थेट पायथ्यापर्यंत नेणं, एवढ्यानं निम्मं दुखणं बरं होतं, आणि हे काम स्वस्तही असतं.

आणि पाचवं कारण, जे एका वळणापुरतं कधीच नसतं: नदीचा सगळा तळच खाली चालला असणं. वाळूचा बेसुमार उपसा, किंवा वरच्या अंगाला धरण झाल्यामुळे गाळ अडून राहणं आणि खाली गाळाविना आलेल्या पाण्यानं तळ खाणं, यानं असं होतं. पुलांच्या खांबांचे पाये उघडे पडलेले दिसतात का, जुन्या घाटाच्या पायऱ्या तळापासून वर लटकल्यासारख्या दिसतात का, ओढे नदीला मिळतात तिथे पायरीसारखी उडी दिसते का, ते बघा. तसं असेल तर तुमच्या शंभर मीटरच्या कामाचा पायथा दोन वर्षांत पुन्हा उघडा पडणार. तेव्हा तळ धरून ठेवणारे आडवे दगडी उंबरे नदीत घालावे लागतात, आणि ते काम रस्तेविभागाच्या एकट्याच्या आवाक्यातलं नसतं.

आता मोजमापं. दर पाच-दहा मीटरवर काठाचा छेद (उभा काप) मोजून घ्या, आणि तो पाण्याच्या पातळीशी थांबवू नका. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ, टोकाला दोनेक किलोचं वजन, होडीतून तळापर्यंत सोडायचं आणि गाठी मोजायच्या. महागडी यंत्रं नसली तरी एवढ्यावर चित्र उभं राहतं. जुनी उपग्रहचित्रं काढून काठ दरवर्षी कुठे होता ते एकावर एक आखा. मोठ्या पुराची पाण्याची खूण झाडांवर, भिंतींवर, पुलाच्या खांबांवर शोधा आणि जुन्या माणसांकडून पडताळून घ्या.

दगड किती मोठा हवा, याचा हिशेब पाण्याच्या वेगावर आहे. इझबाश या सोव्हिएत अभियंत्यानं १९३६ मध्ये वाहत्या पाण्यात दगड टाकून बांध घालण्यासाठी एक साधं सूत्र दिलं, ते अजून पहिला अंदाज म्हणून वापरलं जातं. खळबळीच्या प्रवाहात, सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर दगड साधारण ३८ सेंटिमीटर व्यासाचा निघतो, वजन सुमारे ७५ किलो. वेग ४ मीटर झाला तर व्यास ६७ सेंटिमीटर आणि वजन ४०० किलोच्या वर. व्यास वेगाच्या वर्गात वाढतो आणि वजन वेगाच्या सहाव्या घातात. म्हणजे वेग दुप्पट झाला तर दगडाचं वजन ६४ पट लागतं. सरासरी वेग धरून दगड ठरवणं म्हणूनच धोक्याचं आहे. वळणाच्या बाहेरच्या काठाशी वेग सरासरीच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि दगड म्हणजे टोकदार, कठीण, भुगा न होणारा दगड. नदीतलेच गुळगुळीत गोटे एकमेकांत अडकत नाहीत, ते उतारावर लवकर घरंगळतात.

नदी तळ किती खोल उकरेल, हा दुसरा आकडा. वाळूच्या तळाच्या नद्यांसाठी लेसी या ब्रिटिश अभियंत्यानं १९३० च्या सुमारास दिलेलं सूत्र आपल्याकडचे अभियंते अजून वापरतात. उदाहरणासाठी पुराचं पाणी सेकंदाला ५०० घनमीटर धरा आणि तळ बारीक वाळूचा. लेसीच्या सूत्रानं पुराच्या पातळीपासून खोली ३.७५ मीटर येते. मध्यम वळणावर ती दीडपट धरतात, म्हणजे पुराच्या पातळीपासून सुमारे ५.६ मीटर. पुरात पाण्याची खोली ३.१ मीटर असेल तर नदी आजच्या तळाखाली आणखी अडीच मीटर जाऊ शकते. वळण तीव्र असेल तर दीडपटीऐवजी पावणेदोनपट धरतात. हे सूत्र दगडगोट्यांच्या किंवा खडकाच्या तळाला लावू नका. पात्र कुठे आवळलं असेल तर तिथे हिशेब वेगळा होतो, हेही लक्षात ठेवा.

या अडीच मीटरचं काय करायचं? पाण्याखाली अडीच मीटर खणून पाया घालणं बहुतेक ठिकाणी जमत नाही. त्याऐवजी पायथ्यापासून नदीच्या तळावर दगडांचा जाड पट्टा अंथरून ठेवतात. त्याला आम्ही एप्रन म्हणतो. नदी त्याच्या कडेखालची वाळू उकरते तेव्हा कडेचे दगड स्वतःहून खाली घसरतात आणि उकरलेल्या उतारावर पसरून तो झाकतात. नदी खोदते, दगड तिच्या मागोमाग उतरतात. हे काम बघायला मिळत नाही, पण पुरानंतर दोरी सोडली की कळतं: जिथे सपाट पट्टा होता तिथे दगडांचा उतार लागतो आणि काठ जागेवर असतो.

एप्रनची रुंदी खोदाईच्या खोलीच्या दीडपट ठेवतात, म्हणजे आपल्या उदाहरणात पावणेचार मीटर. उतारावरच्या दगडी थराची जाडी ६० सेंटिमीटर असेल तर एप्रनची जाडी काठाकडे त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेंटिमीटर, आणि नदीकडे सव्वादोनपट, म्हणजे १ मीटर ३५ सेंटिमीटर. दर मीटर लांबीला सव्वाचार घनमीटरच्या आसपास दगड होतो. शंभर मीटर लांबीला सुमारे ४२० घनमीटर, म्हणजे दहा घनमीटरचे बेचाळीस ट्रक, आणि हे फक्त एप्रनसाठी. तुम्ही चार-पाच ट्रक ओतले होते. हा फरक ग्रामसभेपुढे किंवा अधिकाऱ्यांपुढे मांडा, म्हणजे मागच्या वर्षी काम का टिकलं नाही ते सगळ्यांच्या लक्षात येईल. उतारावरचा थर पाण्याखाली टाकायचा असेल तर जाडी आणखी निम्म्यानं वाढवतात, कारण तिथे दगड नीट रचता येत नाहीत, नुसते सोडावे लागतात.

दगडांच्या खालची गाळणी, हा सगळ्यात जास्त वगळला जाणारा भाग. दगडांच्या थराखाली एकतर खडी-वाळूचा ठरावीक बारकाईचा थर हवा किंवा जिओटेक्स्टाइलचं कापड. खडीच्या गाळणीचा टर्झागी या मृदा-अभियंत्याचा नियम साधा आहे: गाळणीतले बारीक १५ टक्के कण ज्या आकाराच्या आत येतात तो आकार, मूळ मातीतले ८५ टक्के कण ज्या आकाराच्या आत येतात त्याच्या चार-पाच पटींहून मोठा नको. मोठा झाला तर माती निसटते. पण गाळणी इतकी बारीकही नको की पाणीच अडेल, कारण मग पूर ओसरल्यावरचा आतला दाब तसाच राहतो. कापड वापरत असाल तर ते ताणून लावू नका. मातीला चिकटून, थोडं सैल ठेवा, जोडांवर पुरेसं एकावर एक घ्या, आणि त्यावर दगड उंचावरून टाकू देऊ नका. पोकलेननं तीन मीटरवरून सोडलेला टोकदार दगड कापड फाडतो, आणि ते भोक नंतर कुणालाही दिसत नाही. मी कामावर असते तेव्हा कापडावर आधी बारीक खडीचा हातभर थर टाकायला लावते. त्यासाठी थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

आता तुमच्या सात मीटरकडे येऊ. दगडी पिचिंगचा, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडी थराचा, उतार साधारण एकास दोन (उभा एक, आडवे दोन) ठेवतात, फार तर एकास दीड. पाच मीटर उंच काठाला एकास दोन उतार द्यायचा तर आडवी दहा मीटर जागा लागते. तुमच्याकडे सातच आहेत, म्हणजे नुसता उतार छाटला तर तो रस्त्यातच घुसेल. इथे मला मिश्र रचना जास्त पटते. पायथ्याशी दोन मीटर उंचीचे गॅबियन, त्यांच्यापुढे एप्रन, आणि गॅबियनच्या माथ्यापासून वर उरलेल्या तीन मीटरला एकास दोन उतार. त्याला सहा मीटर लागतात, एक मीटर हातात उरतो. दुसरा मार्ग म्हणजे नदीच्या बाजूला दगडाचा भराव टाकून पायथा पुढे घेणं. पण त्यानं पात्र आवळतं आणि समोरच्या काठावर जोर वाढतो, म्हणून पात्र पुरेसं रुंद असेल तरच ते करा.

गॅबियनची ताकद त्यांच्या लवचिकपणात आहे. खालची वाळू थोडी खचली तर ते वाकतात, तुटत नाहीत. पण ते तारेवर जगतात. ज्या नदीत पुराबरोबर मोठे गोटे घरंगळत येतात तिथे तार घासून तुटते आणि एकदा जाळी उघडली की आतले लहान दगड एका पुरात जातात. वाळू-गाळाच्या नदीत जस्ताच्या मुलाम्यावर प्लास्टिकचं आवरण असलेली तार घ्या. आतला दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा हवा, हातानं रचलेला हवा, आणि दर मीटरवर आडवी जाळी हवी. पेटीत डबर नुसतं ओतून झाकण लावलं की ती पोट फुगून बाहेर येते.

काँक्रीटच्या भिंतीविषयी मी सावध का असते ते सांगते. एका वळणावर कुणीतरी आधी बांधलेली चार मीटर उंचीची भिंत पुरानंतर बघायला गेले होते. भिंत जागेवर, ओळंब्यात, एक तडाही नाही. रस्त्यावर डांबर शाबूत. मी कडेला बसून डांबराच्या काठाखाली लांब काठी घातली, ती कशालाच लागली नाही. भिंतीचा पाया तळाखाली एकच मीटर होता. पाणी त्याखालून गेलं होतं आणि मागचा सगळा भराव तिथून निघून गेला होता. तासाभरापूर्वी त्याच डांबरावरून बस गेली होती. गुळगुळीत भिंतीमुळे पायथ्याशी वेग वाढतो. भिंत लवचिक नसते, आणि पाणी सोडायला नीट भोकं व त्यामागे गाळणी नसेल तर ओसरत्या पुराचा दाब तिच्यावरच येतो. पाया खोदाईच्या खोलीखाली नेता येत असेल किंवा खडक जवळ असेल, तर भिंत चांगली. जागा अजिबातच नसेल तिथे ती घ्यावीच लागते. पण पाया खोल नेण्याचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर ती बांधू नका.

नदीत काठापासून आडवे दगडी बांध, म्हणजे स्पर, घालून प्रवाह काठापासून दूर ढकलता येतो. लांब वळणावर ते पूर्ण काठ झाकण्यापेक्षा स्वस्त पडतात आणि त्यांच्यामधल्या जागेत गाळ साठून काठ स्वतःहून भरू लागतो. साधारण नियम असा की लांबी पात्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावी आणि दोन स्परमधलं अंतर लांबीच्या दोन ते अडीच पट. टोकाशी खोदाई सगळ्यात तीव्र असते, त्यामुळे टोकाचे दगड सगळ्यात मोठे. एकच स्पर कधी घालू नका. त्याच्या खालच्या अंगाला भोवरा पडतो आणि तिथला काठ पूर्वीपेक्षा लवकर जातो. समोर कुणाची शेती किंवा घरं असतील तर त्यांच्या काठाचं काय होईल याचा विचार आधी करा, नंतर तो वाद तुमच्या दारी येतोच.

झाडांविषयी तुम्ही आवर्जून विचारलंत. वनस्पतींवर माझा विश्वास आहे, पण त्यांच्या जागी. बारमाही पाण्याच्या पातळीखाली मुळं धरत नाहीत, म्हणून पायथा दगडानंच धरावा लागतो. त्याच्या वर, उताराच्या मधल्या आणि वरच्या भागात, वाळा आणि वाळुंज (विलोच्या जातीचं नदीकाठचं झाड) फार चांगलं काम करतात. वाळ्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती शिवल्यासारखी धरतात. वाळुंजाच्या जिवंत खुंट्या ओल्या मातीत ठोकल्या की फुटतात. नीट रुजलेलं गवत सेकंदाला दीड-दोन मीटर वेग सोसतं, पण रुजायला दोन-तीन हंगाम लागतात आणि पहिल्या वर्षी जनावरांपासून राखावं लागतं. मोठी वजनदार झाडं मात्र काठाच्या अगदी कडेवर लावू नका. वाऱ्यात ती हलतात आणि पडताना मुळांसकट काठाचा लचका घेऊन जातात. आधीपासून असलेली झाडं मी सरसकट तोडायला सांगत नाही. झुकलेली, मुळं उघडी पडलेली तेवढी छाटून हलकी करा आणि मुळं जागेवर राहू द्या.

कामाच्या टोकांची काळजी घ्या. मी पाहिलेली बरीच चांगली कामं मध्ये टिकली आणि टोकांवरून गेली. पाणी दगडांच्या शेवटाला वळसा घालून मागे शिरतं. म्हणून संरक्षण जिथे झीज दिसते तेवढ्यापुरतं थांबवायचं नसतं. वळण जिथे सुरू होतं त्याच्या वरच्या अंगाला निदान पात्राच्या एका रुंदीइतकं आणि जिथे संपतं त्याच्या खालच्या अंगाला दीड रुंदीइतकं ते न्यावं, आणि दोन्ही टोकं काठात काटकोनात आत घुसवून पुरावीत. निधी कमी असेल तर जाडी आणि गाळणी कापण्यापेक्षा टप्पे पाडा, पण प्रत्येक टप्प्याचं टोक तात्पुरतं का होईना काठात बांधा.

आणि एक पर्याय, जो कुणालाच आवडत नाही पण तपासायलाच हवा: रस्ता मागे नेणं. नदी वर्षाला अडीच-तीन मीटर सरकत असेल, वळण अजून तीव्र होत असेल आणि रस्त्यामागे मोकळी जमीन असेल, तर दोनशे-तीनशे मीटर रस्ता नव्यानं करणं कधीकधी काठाच्या कामापेक्षा स्वस्त पडतं. शिवाय त्याला दर पावसाळ्यानंतर दगड भरावे लागत नाहीत. दोन्हींचे अंदाजपत्रक शेजारी शेजारी ठेवा, आणि काठाच्या कामात दहा-पंधरा वर्षांची देखभाल धरा.

आता तातडीचं, कारण तुमच्याकडे भेग पडली आहे. पाच मीटर उंच उभ्या काठातून एका वेळी तीन-चार मीटर रुंदीची ढेप सुटलेली मी पाहिली आहे. तेव्हा नदीकडची मार्गिका आजच बंद करा, जड वाहनं वळवा. काठाच्या माथ्यावर दगडांचे किंवा मुरमाचे ढीग ठेवू नका, त्या वजनानंच काठ जाईल. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर रोज एकाच वेळी मोजा आणि लिहून ठेवा. भेग मातीनं भरून वरून प्लास्टिक टाका म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. पूर तोंडावर असेल आणि काहीतरी टाकायचंच असेल तर ते पायथ्याशी टाका, होडीतून किंवा लांब हाताच्या पोकलेननं, सुरक्षित अंतरावर उभं राहून. मोठा दगड मिळत नसेल तर वाळू भरलेल्या जिओबॅगा, म्हणजे जिओटेक्स्टाइलच्या पिशव्या, चालतात. बांगलादेशात जमुनेसारख्या अफाट नदीच्या काठांना त्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या आहेत. साध्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरून टाकू नका, ती उन्हानं आणि घासून लवकर फाटतात. पूर ओसरू लागला की खास पहारा ठेवा, तुमचा काठ तेव्हाच पडतो.

कायमचं काम पाणी सगळ्यात कमी असताना करा, आणि क्रम पायथ्यापासून वर: आधी रस्त्याचं पाणी वळवणं, मग एप्रन आणि पायथा, मग उतार, गाळणी, दगड, आणि शेवटी पावसाच्या तोंडावर वाळा-वाळुंजाची लागवड. जलसंपदा आणि रस्ते, दोन्ही खात्यांची परवानगी सुरुवातीलाच मागा, नाहीतर कोरडा हंगाम कागदांत निघून जातो. जवळच दगडांचा थोडा साठा राखून ठेवा, म्हणजे पहिल्या पुरानंतर जिथे खचेल तिथे लगेच भरता येईल.

ही नंतरची पाहणी ऐच्छिक समजू नका. ५ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीकवरचा महामार्गाचा पूल पुरात कोसळला आणि दहा माणसं गेली. खांबाच्या पायाभोवतीचे संरक्षक दगड वर्षानुवर्षांच्या पुरांत कमी होत गेले होते, त्यांची पुरेशी पाहणी आणि भरपाई झाली नव्हती. तिथे पूल होता, तुमच्याकडे रस्ता आहे, पण दगड पाण्याखाली गुपचूप कमी होतात हे दोन्हीकडे सारखंच. दर मोठ्या पुरानंतर त्याच ठरलेल्या छेदांवर दोरी सोडा, त्याच जागेवरून फोटो काढा आणि आधीच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा.

तुम्हाला नेमकं उत्तर हवं असेल तर मला चार गोष्टी कळवा: डोहाच्या जागेवरचा काठाचा तळापर्यंतचा छेद; मोठ्या पुराच्या खुणेची उंची; काठातल्या मातीचे वरपासून खालपर्यंतचे थर, जाडीसह; आणि वळणाच्या वर-खाली एखादा पूल, बंधारा किंवा वाळूउपशाची जागा किती अंतरावर आहे. आणि भेगेवरच्या खुंट्यांचे आठवडाभराचे आकडे. ते रोज वाढत असतील तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, दोन्ही मार्गिका बंद करून घ्या.